फक्त ॲनॅलिसिस करून द्या

महाराष्ट्रातल्या विद्यापीठांमधल्या संशोधनाचं सगळ्यात जास्त नुकसान कुठल्या एका शब्दाने केलं असेल, तर तो शब्द म्हणजे 'फक्त'. "सर, डेटा सगळा रेडी आहे. फक्त ॲनॅलिसिस करून द्या." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की फोनवर अनोळखी आवाजाने आधी तब्येतीची चौकशी केली की पुढचं मला पाठ असतं. कॉलेजात संख्याशास्त्र शिकवण्यात नोकरीची वर्षं गेली, आता गावी मांडवगणला असतो. ओळखीचे, ओळखीच्यांच्या ओळखीचे, भाचीच्या मैत्रिणीचे मिस्टर असे पीएच.डी. करणारे सगळे कधी ना कधी या 'फक्त'सकट माझ्यापर्यंत पोचतात. मी त्यांना नाही म्हणतो आणि घरच्यांना वाटतं की म्हातारा उगाच चिडतो. "दोन तासांचं तर काम, द्यावं की करून," असं आमच्या वहिनींचं कायमचं म्हणणं. तेव्हा का चिडतो ते एकदा नीट लिहूनच टाकावं म्हणतो. थोडं लांबेल, चहा घेऊन बसा.

पहिल्यांदा एक गोष्ट स्पष्ट करतो. माझा राग त्या पोरापोरींवर नाही. संख्याशास्त्र येत नाही म्हणून मदत मागायला येणं यात लाज वाटण्यासारखं काही नाही. मराठीचा, समाजशास्त्राचा, कॉमर्सचा, नर्सिंगचा विद्यार्थी संख्याशास्त्रात तरबेज असावा असं कुणीच म्हणत नाही. घर बांधताना आपण गवंडी बोलावतो, वायरमन बोलावतो, तसंच हे. माझा राग आहे तो बोलावण्याच्या वेळेवर. स्लॅब पडल्यावर इंजिनिअरला बोलावून "फक्त एवढं मजबूत आहे असं लिहून द्या" म्हणायचं, असला हा प्रकार आहे. आणि ही वेळ विद्यार्थ्याने ठरवलेली नाही, ती विद्यापीठांनी ठरवून ठेवली आहे.

हे काही मला आज सुचलेलं शहाणपण नाही. १९३८ साली कलकत्त्याला पहिली भारतीय संख्याशास्त्र परिषद भरली, तिचे अध्यक्ष होते रोनाल्ड फिशर. आज जगभर प्रयोगांची जी आखणी शिकवतात तिचा पाया घालणारा हा माणूस. त्यांनी तिथे भाषणात जे सांगितलं त्याचा मतितार्थ असा, की प्रयोग संपल्यावर संख्याशास्त्रज्ञाकडे जाणं म्हणजे बहुतेक वेळा प्रेताची चिरफाड करायला सांगणं. प्रयोग कशाने मेला एवढं कदाचित तो सांगू शकेल. ही गोष्ट आपल्याच देशात, इंग्रजांच्या काळात सांगून झाली आहे. त्याला आता ऐंशीच्या वर वर्षं झाली, आणि माझ्याकडे अजून प्रेतंच येतात.

आता तुम्ही म्हणाल की एवढं काय बिघडतं? कुणाचा तरी प्रबंध थोडा कच्चा राहिला, तो कपाटात जाऊन बसला, संपलं. नाही, संपत नाही. म्हणून आमच्या गावातलंच बोलतो.

मांडवगण फराटा हे शिरूर तालुक्यातलं गाव, भीमा आणि घोड या दोन नद्यांच्या मधल्या पट्ट्यातलं. नदीपलीकडे दौंड तालुका. ऊस, दूध आणि अधूनमधून बिबट्या, अशी आमची ओळख. पुण्याहून सकाळी निघून संध्याकाळी परत जाता येतं, त्यामुळे या पट्ट्यावर प्रश्नावल्यांचा पाऊस पडतो. ठिबक सिंचनाविषयी शेतकऱ्यांचं मत, बचत गटातल्या महिलांचं सक्षमीकरण, मोबाईल बँकिंग, पीक विमा... विषय कुठलाही असो, चाळीस प्रश्न आणि प्रत्येकापुढे 'पूर्णपणे सहमत' ते 'पूर्णपणे असहमत' अशी पाच खोकी. लोक भरून देतात. शहरातून पोरगी उन्हातान्हाची आलीय म्हणून आधी पाणी देतात, मग चहा, मग उत्तरं. तो वेळ फुकटचा नसतो. दारं धरायची राहतात, धारा काढायच्या राहतात.

तर आता ठिबकचा सर्वे धरा. फॉर्म भरून घ्यायला सगळ्यात सोयीची जागा कुठली? सकाळी सातला दूध डेअरी. तासाभरात पन्नास माणसं आपणहून रांगेत येतात. पण डेअरीवर कोण येतं? ज्याच्या दावणीला जनावर आहे आणि घरात सकाळी मोकळा पुरुष आहे तो. बाया कमी, शेतमजूर त्याहून कमी, आणि ज्याची गाय मागच्या उन्हाळ्यात विकली गेली तो अजिबात नाही. दुसरी सोयीची वाट म्हणजे कारखान्याच्या सभासदांची यादी. यादी चांगलीच असते, पण तीत बिगरसभासद नाहीत, वाट्याने शेती करणारे नाहीत, आणि बीड-नगरकडून येणारे ऊसतोडवाले तर मुळीच नाहीत. तिसरी वाट सातबारा. सातबारा सासऱ्याच्या नावावर, राबणारी सून. 'महिला शेतकरी' असा रकाना फॉर्मात असतो, आणि शेवटी त्यात सगळ्या मिळून अकरा बाया सापडतात. मग माझ्याकडे फोन: "सर, स्त्री आणि पुरुष शेतकऱ्यांच्या मतांची तुलना करायचीय. फक्त टेस्ट लावून द्या." अकरा बायांच्या मतावर कुठली टेस्ट लावू? जगातलं कुठलंही सॉफ्टवेअर न भेटलेल्या बाया आणून देत नाही. हे आधी विचारलं असतं तर अर्ध्या तासात सांगितलं असतं, की बायांची तुलना करायची असेल तर बाया वेगळ्या मोजून निवडा, त्यांच्या वेळेला जा, आणि सातबारा बाजूला ठेवा.

आता त्या प्रसिद्ध ३८४ची गोष्ट. संशोधन करणाऱ्यांना हा आकडा गणपती स्तोत्रासारखा पाठ असतो. क्रेयसी आणि मॉर्गन नावाच्या दोघांनी १९७०मध्ये एक तक्ता छापला. लोकसंख्या कितीही मोठी असली तरी ३८४च्या आसपास माणसं पुरतात, असं त्यातून निघतं. हिशेब साधा आहे: १.९६चा वर्ग, गुणिले ०.२५, भागिले ०.०५चा वर्ग, उत्तर ३८४.१६. म्हणजे ९५ टक्के खात्रीने, पाच टक्के इकडे किंवा तिकडे. गणितात काही चूक नाही. पण त्यात एक अट आहे आणि ती अट प्रबंधांमध्ये बहुतेक वेळा गाळलेली असते. ही ३८४ माणसं चिठ्ठ्या टाकून निवडावीत तशी निवडलेली हवीत, प्रत्येकाला निवडलं जाण्याची सारखी संधी हवी.

प्रत्यक्षात काय होतं? चार गावं घ्यायची, प्रत्येकी ९६ फॉर्म. आता एका गावातली माणसं एकाच चारीवर पाणी घेतात, त्यांची वीज एकाच वेळी जाते, त्यांना ठिबकचा संच विकणारा दुकानदारही एकच असतो. त्यांची मतं एकमेकांसारखी असणारच. समजा हे साम्य अगदी थोडं, शंभरात पाच एवढंच धरलं. तर त्याचा हिशेब असा होतो: १ अधिक ९५ गुणिले ०.०५, म्हणजे ५.७५. तुमच्या ३८४ला या ५.७५ने भागा. उरले ६७. म्हणजे ३८४ जणांचा वेळ घेतला आणि माहिती मिळाली चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या ६७ जणांएवढी. पाच टक्क्यांची चूक सरळ बारा टक्क्यांवर गेली. चार गावांऐवजी चाळीस गावांत थोडे थोडे फॉर्म भरले असते तर तेवढ्याच कष्टात कितीतरी बरं उत्तर मिळालं असतं. पण हे कधी सांगायचं? फॉर्म भरायच्या आधी. नंतर सांगितलं तर समोरच्याच्या डोळ्यांत पाणी येतं, आणि ते मला बघवत नाही. खरं सांगायचं तर चिडण्याचं अर्धं कारण तेच आहे.

नमुना सोडा, प्रश्नांकडे बघा. 'आपले वार्षिक उत्पन्न किती?' प्रत्येक प्रश्नावलीत हा प्रश्न असतो, आणि ऊसवाल्याला तो विचारण्यात काही अर्थ नसतो. आडसाली ऊस दीड वर्ष शेतात उभा असतो, सुरूचा वर्षभर, आणि खोडव्याचा खर्च वेगळाच. एका वर्षात दोन बिलं येतात आणि दुसऱ्या वर्षात एकही नाही, असं होऊ शकतं. बिलही हप्त्यांनी मिळतं. मग माणूस आकडा काय सांगणार? जो तोंडाला येईल तो. आणि त्या आकड्यावर पुढे 'उत्पन्न आणि ठिबकचा स्वीकार यांतील सहसंबंध' दोन दशांश स्थळांपर्यंत काढायचा. "दहा मिनिटं आमच्या पारावर बसून विचारलं असतं तर कुणीही सांगितलं असतं, की बाई, उत्पन्न नको विचारूस, मागल्या दोन हंगामांत टनेज किती गेलं ते विचार," असं माझा आतेभाऊ म्हणतो. तो सातवी पास आहे, आणि प्रश्नावलीवर त्याने दिलेला सल्ला कुठल्याही पाठ्यपुस्तकाच्या तोडीचा आहे.

पुढचा टप्पा म्हणजे मासेमारी. चाळीस प्रश्न आहेत, वय, शिक्षण, जात, जमीन असे पाच-सहा रकाने आहेत. सगळ्यांच्या सगळ्यांशी जोड्या लावायच्या आणि कुठे 'सिग्निफिकंट' येतंय ते बघायचं. प्रत्यक्षात कुठेच काही नसताना, पाच टक्क्यांची पातळी धरून वीस स्वतंत्र चाचण्या केल्या, तर निदान एक तरी 'सिग्निफिकंट' निघण्याची शक्यता ६४ टक्के असते. वीसच्या जागी दोनशे केल्या तर जाळं रिकामं यायचा प्रश्नच नाही. मग सापडलेल्या माशासाठी गृहीतक लिहायचं आणि ते पहिल्या प्रकरणात नेऊन ठेवायचं, जणू सुरुवातीपासून हाच मासा धरायचा होता. ही युक्ती आपल्याकडेच चालते असं नाही. जगभर इतका सुळसुळाट झाला की अमेरिकेतल्या संख्याशास्त्रज्ञांच्या संघटनेला २०१६ साली पी व्हॅल्यू म्हणजे काय आणि काय नाही, यावर चक्क निवेदन काढावं लागलं. त्याच्याही आधी, १९९४मध्ये, डग्लस ऑल्टमन यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये लिहिलं होतं की वैद्यकातलं वाईट संशोधन ही लाजिरवाणी गोष्ट आहे, आणि आपल्याला संशोधन कमी हवंय पण चांगलं हवंय.

आणि ज्यांना एवढेही कष्ट नकोत त्यांच्यासाठी दुकानं आहेतच. टायपिंग, बाइंडिंग, एसपीएसएस, 'डेटासहित' पॅकेज. डेटासहित म्हणजे काय ते सुज्ञांस सांगणे न लगे. :-) असा डेटा ओळखायला फार हुशारी लागत नाही. ३८४ फॉर्म आणि एकही उत्तर कोरं नाही! अहो, आमच्या गावात चाळीस प्रश्न विचारलेत तर पंधराव्याला माणूस म्हशीकडे बघायला उठतो. खरा डेटा नेहमी थोडा फाटका असतो.

आता यावर विद्यापीठांनी काय केलं ते बघा. २००९च्या नियमांपासून पीएच.डी.ला कोर्सवर्क आलं, त्यात संशोधन पद्धतीचा पेपर आला. चांगलं झालं. पण पेपर म्हणजे टी टेस्टची व्याख्या लिहा, दहा मार्क. स्वतःच्या प्रश्नावलीवर कुणी समोर बसून बोलत नाही. २०१८मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने वाङ्मयचौर्याविरुद्ध नियम केले. दहा टक्क्यांपर्यंत साम्य चालेल, त्यापुढे सुधारून आणा, साठच्या वर गेलं तर नोंदणीच रद्द. तेही बरंच झालं. पण गंमत बघा, शब्द चोरले तर मशीन पकडतं, आकडे बनवले तर कुणीच पकडत नाही. दुसऱ्याचं एक वाक्य उचललं तर शिक्षा, आणि ३८४ शेतकऱ्यांची मतं घरी बसून लिहिली तर पदवी. प्रबंध शोधगंगेवर जातो, जगाला वाचायला मिळतो, पण ज्या आकड्यांवर तो उभा आहे ती फाईल विद्यार्थ्याच्या पेनड्राइव्हवरच राहते आणि पेनड्राइव्ह कधीतरी हरवतो.

मुद्दा असा नाही की आपल्याला हे कधी जमलंच नव्हतं. उलट याच मातीत जमलेलं आहे. आमच्या शेजारच्या इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८पासून पुढे सुमारे पंधरा वर्षं हंगाम-हंगामाने उत्खनन केलं. सांकलिया, ढवळीकर, अन्सारी अशी माणसं. साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांचं गाव त्यांनी उजेडात आणलं. घरं, धान्य, घरातच पुरलेली लहान मुलं. तिथे प्रत्येक खापराला त्याचा थर, त्याची जागा लिहिलेली असते. का? कारण एकदा उकरलं की ते परत उकरता येत नाही. नोंद करायची पद्धत आधी ठरलेली नसेल तर कुदळ मारायचीच नाही. माणसांना प्रश्न विचारण्याचंही असंच आहे. एकदा घाईने, चुकीचा प्रश्न विचारला की तोच माणूस तुम्हाला दुसऱ्यांदा कोऱ्या मनाने मिळत नाही. साडेतीन हजार वर्षांपूर्वी मेलेल्या शेतकऱ्याशी ज्या काळजीने वागलो, तेवढ्या काळजीने जिवंत शेतकऱ्याशी वागावं, एवढंच मागणं आहे.

आणखी जवळचं उदाहरण हवं तर आमच्याच तालुक्यातलं जातेगाव बुद्रुक. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे हॅरॉल्ड मान यांनी १९१७मध्ये पिंपळे सौदागरचा अभ्यास प्रसिद्ध केला. आज तिथे टॉवर आहेत, तेव्हा खेडं होतं. पण ते गाव पुण्याच्या दाराशी. तिथे दिसलं ते लांबच्या खेड्यालाही लागू पडेल का? म्हणून दुसऱ्या अभ्यासाला शहरापासून लांबचं, कोरडवाहू जातेगाव घेतलं. मान आणि कानिटकर यांचं ते पुस्तक १९२१ साली आलं. आज मागे वळून बघितलं तर त्यात कितीतरी उणिवा काढता येतील, पण आपल्या उत्तराबद्दल शंका घेऊन दुसरं गाव निवडणं, ही गोष्ट शंभर वर्षांपूर्वी कुणी शिकवावी लागली नाही. गाडगिळांनी गोखले संस्थेतर्फे वाई तालुक्यातल्या शेतीची पाहणी केली, तीही याच परंपरेतली.

आणि पानसे-सुखात्मे! ज्यांनी कृषी महाविद्यालयात पाऊल टाकलंय त्यांना हे जोडनाव सांगायला नको. पां. वा. सुखात्मे सातारा जिल्ह्यातल्या बुधचे. त्यांनी आणि पानशांनी मिळून शेतीत काम करणाऱ्यांसाठी संख्याशास्त्राचं पुस्तक लिहिलं, ते १९५४मध्ये भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने काढलं. पुस्तकाचं नावच बघा, ते संख्याशास्त्रज्ञांसाठी नाहीच, शेतीत काम करणाऱ्यांसाठी आहे. त्याच्या आधी, १९४०च्या दशकात, पीक कापणीचे प्रयोग चिठ्ठी टाकल्यासारख्या निवडलेल्या शेतांत करायची पद्धत याच दोघांनी देशात रुजवली. आधी डोळ्याने बघून आणेवारी ठरायची, म्हणजे बघणाऱ्याच्या मर्जीवर. आजही पीक कापणी प्रयोगाला कृषी सहायक आला की कुठलं शेत आणि शेताच्या कुठल्या कोपऱ्यातून किती पावलं, हे त्याला आधी दिलेल्या आकड्यांवरून ठरतं, रस्त्याकडेचं सोयीचं शेत धरायचं नसतं. त्यात पळवाटा निघतात हे आम्ही शेतकरी जाणतोच. पण नियम आहे, म्हणून पळवाटेला पळवाट म्हणता येतं. प्रबंधांच्या सर्वेला नियमच नाही.

बाहेर बघायचं तर अमेरिकेत आयोवाला स्नेडेकर यांनी १९३३मध्ये संख्याशास्त्राची प्रयोगशाळा काढली, ती इतर विभागांच्या संशोधकांना सल्ला देण्यासाठीच. आपल्या पुणे विद्यापीठातही संख्याशास्त्र विभाग १९५३पासून आहे, हुजूरबाजारांसारख्या माणसाने तो उभा केला. माणसं आहेत, ज्ञान आहे, परंपरा आहे. फक्त (हा शब्द आता मी वापरतो) दार योग्य वेळी उघडं नाही.

यावर मला नेहमी दोन उत्तरं मिळतात. पहिलं म्हणजे, "पोरांना वेळ कुठाय? नोकरी टिकवायला पीएच.डी. लागते." खरं आहे. विद्यापीठ विभागात सहायक प्राध्यापक व्हायला पीएच.डी. सक्तीची करणार असं २०१८मध्ये सांगितलं, मग ती तारीख पुढे ढकलली, मग २०२३मध्ये सक्तीच काढून टाकली. या धरसोडीत किती जणांनी घाईघाईने नाव नोंदवलं असेल ते बघा. पण घाई हे तर आधी येण्याचं कारण आहे. सुरुवातीचे दोन तास वाचवून शेवटी आठ महिने रडण्यात कसली बचत? दुसरं उत्तर जरा दबक्या आवाजात मिळतं: "सर, हे प्रबंध कोण वाचतंय?"

याच उत्तराने माझं डोकं फिरतं. प्रबंध कुणी वाचत नसेल, पण त्याच्या शेवटच्या प्रकरणातल्या शिफारशी फिरत राहतात. त्या परिसंवादात जातात, अहवालात जातात, पुढच्या प्रबंधात 'यापूर्वीच्या अभ्यासांनुसार' म्हणून येतात. आणि शिफारस काय असते माहितीये? 'शेतकऱ्यांमध्ये जागृतीचा अभाव आढळून आला. सबब जनजागृती करावी.' विषय ठिबक असो, विमा असो, बँक असो, निष्कर्ष एकच, शेतकरी अडाणी आहे. आमच्याकडे कितीतरी माणसं दुसऱ्याचं रान वाट्याने करतात. त्यांना ठिबक काय आहे ते उत्तम कळतं. पण दुसऱ्याच्या रानात स्वतःच्या पैशाने नळ्या कोण अंथरील? पुढच्या वर्षी ते रान आपल्याकडे राहील याची खात्री काय? आणि अनुदान मागायचं तर सातबारा लागतो, तो मालकाचा. फॉर्मात 'वाटेकरी' असा रकानाच नव्हता, म्हणून तो माणूस एकतर 'शेतकरी' झाला किंवा गळून गेला, आणि त्याची अडचण झाली 'जागृतीचा अभाव'. फॉर्मातून जो गळतो तो शिफारशीतूनही गळतो. मग मंडपात कुणीतरी येऊन आम्हाला ठिबकचे फायदे समजावून सांगतं, आणि वाटेकरी मागे उभा राहून ऐकतो. चुकीच्या नमुन्याची किंमत गाईड देत नाही, विद्यापीठ देत नाही. ती किंमत तो देतो.

नुसतं बोंबलून उपयोग नाही, तेव्हा काय करावं तेही सांगतो. यातल्या एकाही गोष्टीला फार पैसा लागत नाही.

फॉर्म छापण्याच्या आधी प्रत्येक संशोधकाने एका पानावर लिहावं: माझा प्रश्न काय, तो मी कुणाला विचारणार, ती माणसं कशी निवडणार, किती आणि का, कुणाची कुणाशी तुलना करणार, आणि कुठल्या पद्धतीने. त्या पानावर संख्याशास्त्र जाणणाऱ्या माणसाशी निदान एक बैठक व्हावी आणि ते पान तारीख घालून विभागात जमा व्हावं. संशोधन सल्लागार समिती २०१६च्या नियमांपासून आहेच, तिच्यापुढे पहिल्यांदा हे पान ठेवा. गृहीतक नंतर बदललं तर बदलू द्या, पण बदललं हे प्रबंधात लिहा.

ही बैठक घ्यायला प्रत्येक विद्यापीठात आठवड्यातून दोन दिवस उघडी राहणारी एक खोली हवी. एम.एस्सी.च्या संख्याशास्त्राच्या पोरांना शिक्षकांबरोबर तिथे बसवा. त्यांना पुस्तकाबाहेरचे प्रश्न बघायला मिळतील आणि आलेल्याला दुकानात जावं लागणार नाही. फी ठेवायची तर ठेवा, पण उघड, पावती देऊन. ज्याने विश्लेषणाला मदत केली त्याचं नाव आणि त्याने काय केलं, हे प्रबंधात छापा. लपवावी लागते ती मदत नव्हे. आणि प्रबंधाबरोबर आकड्यांची फाईल जमा करून घ्या, उत्तर देणाऱ्यांची नावं काढून. तोंडी परीक्षेत परीक्षकाने त्यातली कुठलीही एक ओळ काढून विचारावं, हा फॉर्म कुठल्या गावात भरला, त्या दिवशी काय झालं? ज्याने खरंच भरला असेल त्याला कुत्रं मागे लागलेलंसुद्धा आठवेल.

शेवटचं, माझ्या गाववाल्यांसाठी. कुणी फॉर्म घेऊन आलं की पाणी द्या, चहाही द्या, पोरगं लांबून आलेलं असतं. पण उत्तरं द्यायच्या आधी तीन गोष्टी विचारा. आम्हालाच का निवडलं? यातून काय निघालं ते आम्हाला कधी सांगणार? आणि आमच्यातला जो वाट्याने करतो, जी सून राबते, जो सकाळी डेअरीवर येत नाही, त्यांच्याकडे कधी जाणार? याची उत्तरं देता आली तर चाळीस काय, ऐंशी प्रश्नांची उत्तरं द्या. नाही देता आली तर त्या पोराला माझ्याकडे पाठवा. फॉर्म कोरे असतानाच पाठवा. त्याच्यासाठी मला हवा तितका वेळ आहे, आणि पैसे घेत नाही. वहिनींनी तेवढी चहाची तयारी ठेवावी.

असो. फारच लांबलं. ज्यांचं वेगळं मत असेल त्यांनी जरूर भांडावं.